वाळवंटातील जलतरण तलावाभोवती वनस्पतींची निवड : सोनोरन वाळवंटाच्या संदर्भात एक विवेचन

प्रास्ताविक

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्याचा दक्षिण भाग, कॅलिफोर्नियाचा आग्नेय कोपरा आणि मेक्सिकोतील सोनोरा व बाजा कॅलिफोर्निया येथील बराचसा प्रदेश मिळून सोनोरन वाळवंट बनते. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २,६०,००० चौ.कि.मी. आहे, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा काहीसे कमी. फिनिक्स आणि टूसॉन ही दोन मोठी शहरे याच वाळवंटात वसलेली आहेत. फिनिक्सचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान १८० मि.मी.च्या आसपास, तर टूसॉनचे २७० मि.मी.च्या आसपास आहे. हा पाऊसही दोन हंगामांत विभागला जातो. हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारा संथ पाऊस आणि जुलै ते सप्टेंबर या काळात विजांच्या कडकडाटासह कोसळणारा पाऊस. या दुसऱ्या हंगामाला तेथील लोकही 'मान्सून' असेच म्हणतात.

अशा प्रदेशात घरोघरी जलतरण तलाव असावेत, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु उन्हाळ्यात दिवसाचे तापमान आठवडेच्या आठवडे ४० अंश सेल्सिअसच्या वर राहते, तेथे मध्यमवर्गीय कुटुंबालाही परसातील तलाव ही चैन वाटत नाही. तलाव बांधून झाला की प्रश्न येतो तो त्याच्या काठावर काय लावावे हा. या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे आढळतात. एक उत्तर उष्णकटिबंधीय बेटांच्या चित्रांवरून आलेले : ताडमाड, जास्वंद, केळी आणि हिरवळ. दुसरे उत्तर पर्यावरणाच्या जाणिवेतून आलेले : स्थानिक वाळवंटी वनस्पतीच लावाव्यात. पहिले उत्तर पाण्याच्या दृष्टीने चुकीचे आहे, हे आता बहुतेकांना पटलेले आहे. दुसरे उत्तर मात्र निर्विवादपणे बरोबर समजले जाते आणि तेथेच चूक होते. तलावाचा काठ वाळवंटात असला तरी तो वाळवंट नसतो. तो एक स्वतंत्र आणि काही बाबतींत वाळवंटाहूनही कठोर असा लघुपरिसर असतो. त्यामुळे तेथील वनस्पती केवळ 'स्थानिक' या निकषावर निवडता येत नाहीत, हे प्रस्तुत लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

काठावरचा लघुपरिसर

मोकळ्या वाळवंटात झाडाला ऊन वरून मिळते. तलावाच्या काठावर ते वरून, पाण्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित होऊन, फिकट रंगाच्या फरसबंदीवरून आणि बहुधा मागच्या कुंपणभिंतीवरून अशा चारही बाजूंनी येते. भिंत दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. रात्रीचा हा भाग विशेष महत्त्वाचा आहे. निवडुंग आणि घायपात यांसारख्या मांसल वनस्पती दिवसा पर्णरंध्रे बंद ठेवतात व रात्रीच्या गारव्यात ती उघडून कर्बवायू घेतात. म्हणजे त्यांची सगळी काटकसर रात्र थंड असण्यावर अवलंबून आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्समध्ये ३० जून ते ३० जुलै असे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० अंश फॅरनहाइट (४३.३ अंश सेल्सिअस) वा त्याहून अधिक राहिले. १९ जुलै रोजी तर रात्रीचे किमान तापमानच ३६.१ अंश सेल्सिअस होते. त्या उन्हाळ्यात सग्वारो हे या वाळवंटाचे मानचिन्ह असलेले महाकाय निवडुंग बाहू गळून कोसळल्याच्या घटना फिनिक्सच्या डेझर्ट बोटॅनिकल गार्डनमध्येही घडल्या. जे शतकभर तगून राहिले, त्यांची ही अवस्था झाली. तापलेल्या भिंतीशेजारी नुकत्याच लावलेल्या रोपाकडून मग काय अपेक्षा करावी?

दुसरी बाब पाण्याची आणि मातीची. पोहणाऱ्यांच्या अंगावरून व उड्यांमुळे उडणारे पाणी क्लोरीनयुक्त असते. मिठापासून क्लोरीन तयार करणारी यंत्रणा बसविलेल्या तलावांत दर लिटर पाण्यात सुमारे तीन ग्रॅम किंवा थोडे अधिक मीठ असते. या वाळवंटाची माती मुळातच अल्कधर्मी आहे आणि अनेक ठिकाणी तिच्याखाली 'कॅलिचे' नावाचा, चुन्याने घट्ट सांधलेला कठीण थर असतो. आपल्याकडे चुनखडीच्या जमिनीत मोसंबीची पाने पिवळी पडताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा अर्थ चटकन कळेल. लिंबूवर्गीय झाडे आणि जास्वंद क्षाराला फार लवकर बळी पडतात. खजूर, कण्हेर आणि हरळीच्या जातीचे गवत क्षार बरेच सहन करतात. गाळणयंत्र उलट प्रवाहाने धुतल्यावर निघणारे पाणी झाडांना सोडून 'पुनर्वापर' करण्याची कल्पना आकर्षक वाटते. पण ते पाणी कोणत्या झाडांना चालेल याचा विचार न केल्यास दोन-तीन वर्षांत मातीवर पांढरा थर आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसू लागतात.

गळणाऱ्या पानाफुलांचा प्रश्न

तलावाजवळच्या झाडाकडून केली जाणारी पहिली अपेक्षा वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही. ती अशी, की त्याने कमी गाळावे. पाण्यात पडलेली पाने-फुले कुजताना क्लोरीन खर्ची पडते आणि तळाशी बसलेल्या पानांचे तपकिरी डाग राहतात. पृष्ठभागावर तरंगणारा कचरा खेचून घेणाऱ्या झरोक्याला 'स्किमर' म्हणतात. त्याच्या टोपलीत मोठी पाने अडकतात. बारीक पर्णिका मात्र तिच्यातून निसटून पुढे पंपाच्या जाळीपर्यंत पोहोचतात.

आणि येथेच स्थानिक झाडे गोत्यात आणतात. वाळवंटी वृक्षांनी बाष्पोच्छ्वास कमी करण्यासाठी जी युक्ती केली आहे ती म्हणजे पान लहान करणे आणि पाणी तुटले की ते टाकून देणे. पालो व्हर्डे (स्पॅनिश भाषेत 'हिरवी काठी') हा ॲरिझोनाचा राज्यवृक्ष. त्याच्या हिरव्या खोडातही प्रकाशसंश्लेषण होते, त्यामुळे पाने झडली तरी त्याचे फारसे अडत नाही. तलावाच्या मालकाचे अडते. प्रस्तुत लेखकाचा एक वसंत ऋतू फिनिक्सजवळील चँडलर येथे मुलीच्या घरी गेला. तलावाच्या पश्चिमेस, काठापासून दीड मीटरवर, पूर्वीच्या मालकाने हौसेने लावलेला पालो व्हर्डे होता. एप्रिलमध्ये तो अक्षरशः पिवळा झाला आणि त्यानंतरचे तीन आठवडे तलावही पिवळा होता. मुलगी रोज सकाळी कामावर निघण्यापूर्वी लांब दांड्याच्या जाळीने फुले उपसत असे. फुले संपल्यावर शेंगा सुरू झाल्या. मेस्किट (आपल्याकडील वेड्या बाभळीचा सगोत्र) आणि लांब शेंगा सोडणारा डेझर्ट विलो यांच्याबाबतही हीच तक्रार असते.

बोगनवेलीचे उदाहरण याहून बोलके आहे. उष्णता तिला मानवते, पाणी फारसे लागत नाही, भिंतीवर तिचा रंग खुलतो. म्हणून रोपवाटिकांत तलावासाठी ती सर्रास सुचविली जाते. परंतु आपण ज्याला तिचे फूल म्हणतो ती कागदासारखी पातळ रंगीत पर्णे असतात आणि ती वाऱ्याच्या झुळकीसरशी तलावभर पसरतात. बोगनवेल लावायचीच असेल तर तलावावरून येणारा वारा तिच्याकडे वाहील अशा बाजूला, म्हणजे वाऱ्याच्या उतरत्या अंगाला लावावी. स्किमर बसवितानाही हेच तत्त्व पाळतात. वारा कचरा ज्या बाजूला लोटतो त्या बाजूला झरोका ठेवतात.

या कसोटीवर ताडवर्गीय वृक्ष चांगले उतरतात, हे मान्य करावे लागते. त्यांची पाने थोडी, मोठी आणि क्वचित गळणारी असतात. मात्र सरसकट ताड चांगले असेही नाही. क्वीन पाम या दक्षिण अमेरिकी जातीला येथील अल्कधर्मी मातीत लोह व मँगनीज मिळत नाही आणि झळांनी तिची पाने झिजतात. मेक्सिकन फॅन पाम पंचवीस-तीस मीटर उंच जातो आणि त्याची सावली शेजाऱ्याच्या अंगणात पडते. खजुराच्या पानाच्या बुडाशी असलेले काटे सुईसारखे असतात आणि मादी झाडाची फळे फरशीवर चिकट डाग पाडतात. बुटकी वाढणारा, निळसर पानांचा पिंडो पाम ही तुलनेने समंजस निवड ठरते. त्याचीही फळे पिकण्याआधी घोस काढावे लागतात.

मुळांविषयीचा समज

झाडाची मुळे तलावातील पाण्याचा 'वास घेऊन' भिंत फोडतात, असा एक समज आहे. मुळांना दुरून पाणी कळत नाही. ती ओल असेल तेथे वाढतात आणि कोरडे असेल तेथे खुंटतात. लोखंडी सळ्यांवर दाबाने काँक्रीट फवारून केलेले तलावाचे कवच धडधाकट असेल तर त्यात मुळे शिरत नाहीत. धोका असतो तो फरसबंदीला आणि तिच्याखालून जाणाऱ्या नळांना. फरशीखालची माती उन्हापासून झाकलेली असल्याने तिच्यात ओल टिकते. मुळे त्या थरात शिरून जाड होऊ लागली की फरशी उचलली जाते. नळाचा सांधा किंचित गळत असेल तर मुळे तेथे गर्दी करतात.

टूसॉनजवळच्या एका खुल्या खाणीत मेस्किटचे मूळ ५३ मीटर खोलीवर आढळल्याची नोंद आहे. त्यावरून या झाडाची मुळे खालीच जातात असे अनुमान काढणे घातक आहे. परसात, कॅलिचेच्या थरावर आणि खोडाशी ठिबकणाऱ्या नळीच्या भरवशावर वाढलेल्या मेस्किटची मुळे उथळ व आखूड राहतात. वर शेंडा मात्र झपाट्याने वाढतो. मान्सूनच्या वादळात असे झाड मुळासकट आडवे होते आणि ते कोठे पडेल हे सांगता येत नाही.

या संदर्भात भारतीय वाचकाला ओळखीचा वाटेल असा वृक्ष म्हणजे शिसू. उत्तर भारतातील नदीकाठचा हा वृक्ष फिनिक्समध्ये झटपट सावली देणारा म्हणून मोठ्या प्रमाणावर लावला गेला. नदीकाठी गाळात मुळांवाटे पसरत जाणे हा त्याचा स्वभाव. परसातही त्याने तो सोडला नाही. भिंतींना तडे, उचकटलेल्या फरशा आणि खोडापासून कितीतरी दूर उगवणारे धुमारे यांमुळे आता जाणकार लहान परसात शिसू लावू नये असाच सल्ला देतात. झाड वाईट नाही, जागा चुकली.

काटे, चीक आणि मधमाश्या

तलावाच्या काठावर माणसे अनवाणी आणि जवळजवळ उघड्या अंगाने वावरतात, मुले धावतात, पाय घसरतात. त्यामुळे शेंड्याला टणक काटा असलेली मोठी घायपात, करवती कडांचे डेझर्ट स्पून, चोयासारखे निवडुंग हे सर्व कितीही शोभिवंत असले तरी वावराच्या वाटेपासून किमान दोन-अडीच मीटर दूरच असावेत. घायपातीबाबत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ती आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. त्याआधी सोंडकिड्याने तिचा गाभा पोखरला तर एका उन्हाळ्यात ती कुजून बसते. मग तो काटेरी ढिगारा काठावरून हलविणे हे कष्टाचे काम होते.

काटे नाहीत म्हणून वनस्पती निर्धोक ठरत नाही. कँडेलिला व तिच्या जातीच्या बिनकाट्याच्या युफोर्बिया काठावर देखण्या दिसतात, पण त्यांचा पांढरा चीक डोळ्यांत गेल्यास तीव्र दाह होतो. सायकसच्या बिया कुत्र्यांना प्राणघातक ठरू शकतात. कण्हेरीबद्दल मराठी वाचकास वेगळे सांगावयास नको. तीच कण्हेर फिनिक्समध्ये तलावांभोवतीची सर्वांत परिचित कुंपणवेष्टी आहे. ती सदाहरित आहे, क्षार व उष्णता सहन करते, दाट आडोसा देते. तिचे विष हा जुना आक्षेप आहे. त्यात गेल्या काही दशकांत नवा आक्षेप जमा झाला. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या झायलेला फास्टिडिओसा या जिवाणूमुळे पाने करपत जाऊन संपूर्ण रांगा वाळतात आणि या रोगावर उपाय नाही. जुनी निरोगी रांग उपटून टाकावी असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. नवी मात्र लावू नये.

मधमाश्यांचा मुद्दा बहुधा दुर्लक्षिला जातो. उन्हाळ्यात त्या पाण्यासाठी तलावावर येतातच. १९९३ पासून ॲरिझोनात आफ्रिकी संकरित मधमाश्याही आहेत आणि त्या अधिक आक्रमक असतात. अशा वेळी पायऱ्यांलगत टेकोमा, घाणेरी किंवा टेक्सस सेज यांसारखी मधमाश्यांना प्रिय झुडपे लावणे म्हणजे त्यांना दुहेरी आमंत्रण देणे होय. ही झुडपे चार-पाच मीटर मागे असावीत. काठाजवळ हेस्पेरालोसारखी वनस्पती बरी. तिला काटे नसतात, ती उष्णता सोसते आणि तिची लाल नळीदार फुले मुख्यतः गुंजनपक्ष्यांसाठी असतात. लाल रंग मधमाश्यांना तुलनेने कमी दिसतो.

सर्वांत गंभीर बाब मुलांच्या सुरक्षिततेची. ॲरिझोनाच्या कायद्यानुसार सहा वर्षांखालील मूल असलेल्या घरात तलावाभोवती किमान पाच फूट उंचीचा अडसर लागतो. या अडसरालगत बाहेरच्या अंगाने बळकट फांद्यांचे झुडूप किंवा मोठी कुंडी ठेवली की चढायला शिडी तयार होते आणि कायदा कागदावर राहतो. तसेच स्वयंपाकघराची खिडकी आणि पाणी यांच्यामध्ये गुडघ्यापेक्षा उंच काहीही लावू नये. बुडणारे मूल हाक मारत नाही. ते दिसावेच लागते. उद्यानरचनेच्या आराखड्यात ही दृष्टिरेषा पहिल्यांदा आखावी आणि बाकीची झाडे तिला सांभाळून बसवावीत.

पाण्याचा हिशेब

फिनिक्सच्या हवेत उघड्या तलावातून वर्षाला सुमारे १.८ मीटर उंचीचे पाणी वाफ होऊन जाते, म्हणजे पावसाने मिळणाऱ्या पाण्याच्या दसपट. ४० चौ.मी.च्या तलावासाठी हे प्रमाण ७२,००० लिटर होते. हा आकडा मोठा वाटतो, पण तलावाभोवतीच्या हिरवळीशी त्याची तुलना करून पाहावी. शेजारच्या मोहावी वाळवंटातील लास व्हेगास येथे सदर्न नेवाडा वॉटर ऑथॉरिटीने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिरवळीला दर चौ.मी.स वर्षाला सुमारे २,९७० लिटर, तर अल्पजल उद्यानाला सुमारे ७०० लिटर पाणी लागल्याचे आढळले. म्हणजे तेवढ्याच क्षेत्राची हिरवळ तलावाहून अधिक पाणी पिऊ शकते. पाण्याची उधळपट्टी म्हणून बोट दाखविले जाते ते तलावाकडे. खरा खर्च बहुधा त्याच्या काठावर चाललेला असतो.

फिनिक्सला मिळणाऱ्या पाण्याचा एक मोठा वाटा कोलोरॅडो नदीतून येतो. हे पाणी आणणारा सेंट्रल ॲरिझोना प्रोजेक्टचा कालवा सुमारे ५४० कि.मी. लांबीचा आहे. त्याचे काम १९७३ मध्ये सुरू झाले आणि १९९३ मध्ये ते बहुतांशी पुरे झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये या नदीवर पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली आणि २०२२ साठी ॲरिझोनाच्या वाट्यातून ५,१२,००० एकर-फूट पाणी कमी करण्यात आले. भूजलावरही १९८० च्या राज्य कायद्याने निर्बंध आहेत आणि त्याच्या अनुषंगाने राज्याच्या जलसंपदा विभागाने अल्पजल वनस्पतींच्या याद्या केल्या आहेत. या याद्या उपयुक्त आहेत. मात्र त्या पाण्यापुरत्या आहेत. पालो व्हर्डे आणि घायपात अल्पजल वनस्पती म्हणून खऱ्या उतरतात, तलावाशेजारी त्यांचे काय होते हे यादी सांगत नाही.

अंतरानुसार मांडणी

यावरून प्रत्यक्ष मांडणीचा मार्ग अंतरावरून ठरविणे श्रेयस्कर. काठापासून पहिला दीड मीटर शक्यतो मोकळा ठेवावा किंवा हेस्पेरालो, मऊ पानांची युका, बिनकाट्याच्या लहान घायपाती यांनाच द्यावा. ज्यांना थोडे जास्त पाणी लागते ती झाडे, उदाहरणार्थ आपला शंकासुर, घर आणि तलाव यांच्यामधल्या एकाच पट्ट्यात एकत्र लावावी. शंकासुराला तिकडे 'रेड बर्ड ऑफ पॅराडाइज' म्हणतात. पोहण्याचा हंगाम आणि त्याच्या फुलण्याचा हंगाम एकच. हिवाळ्यातील कडाक्याने तो जमिनीपर्यंत वाळतो आणि वसंतात पुन्हा फुटतो. बियांपासून मुलांना मात्र दूर ठेवावे. त्याही पलीकडे टेक्सस माउंटन लॉरेलसारखे सावकाश वाढणारे, सदाहरित लहान वृक्ष येतात. त्याच्याही बिया विषारी, पण पानांची गळ अत्यल्प. मेस्किट, पालो व्हर्डे, सग्वारो ही खरी वाळवंटाची संपदा परसाच्या टोकाला, काठापासून सहा मीटर वा अधिक अंतरावर असावी. तेथे ती दिसतेही अधिक चांगली.

ठिबक नळ्या खोडाशी न ठेवता झाडाच्या घेराच्या कडेला, तलावाच्या विरुद्ध बाजूस ठेवाव्यात आणि घेर वाढेल तशा त्या दरवर्षी बाहेर सरकवाव्यात. पाणी क्वचित पण खोलवर द्यावे. लागवड ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी, म्हणजे पुढच्या जूनपूर्वी मुळांना सात-आठ महिने मिळतात. फक्त ताडवर्गीय झाडे उन्हाळ्याच्या तोंडावर लावावी, कारण त्यांची मुळे तापलेल्या मातीतच वाढतात.

सावलीचा प्रश्न मात्र अंतराच्या नियमात नीट बसत नाही. पश्चिमेकडील झाड दुपारनंतर पाण्यावर आणि घराच्या भिंतीवर सावली धरते, बाष्पीभवन कमी करते, आणि तेच झाड तलावात कचरा टाकते. चँडलरच्या घरातील पालो व्हर्डे म्हणूनच अद्याप उभा आहे. तलावावर झुकलेल्या दोन फांद्या काढल्या, ठिबक नळी भिंतीकडे नेली. एप्रिलचे तीन आठवडे जाळी अजूनही चालवावी लागते.